तलावाचा खर्च भाडेकरूंच्या माथी नको

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाशिक

महोदय,

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या मोठ्या गृहसंकुलांत जलतरण तलाव दाखवून सदनिका विकल्या जातात. पुढे त्याच तलावाच्या खर्चावरून वार्षिक सभेत वाद होतात आणि भाडेकरूंकडून जादा शुल्क घ्या किंवा त्यांना प्रवेशबंदी करा, अशी मागणी पुढे येते. हा उपाय अन्यायाचा आहेच, शिवाय त्याने खर्चही कमी होत नाही.

कारण हा खर्च पोहणाऱ्यांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद तलावातून १ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली की ९० लिटर पाणी जाते. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरले, तर ४५० लिटर. दीड किलोवॉटचा पंप रोज आठ तास चालला, तर महिन्याला ३६० युनिट वीज लागते. गर्दीनुसार क्लोरिन तेवढे वाढते. जीवरक्षकाचा पगार ठरलेलाच असतो. बचत करायची तर रात्री तलावावर आच्छादन घालावे, आणि फिल्टरचा बॅकवॉश सवयीने रोज न करता दाबमापक पाहून करावा.

‘जो पोहत नाही त्याने पैसे का भरावेत?’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च ती न वापरणाऱ्या सभासदालाही समान द्यावा लागतो. सामाईक सुविधेचे तत्त्व तेच आहे. राहिला भाडेकरूंचा प्रश्न. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सभासदाकडून घेतल्या जाणाऱ्या बिनभोगवटा शुल्काला १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. तलावाच्या नावाने वेगळी वसुली म्हणजे त्या मर्यादेला काढलेली पळवाट आहे. ‘मग तलाव बंदच करा’ असेही म्हटले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले होते. तशा टंचाईत तलाव बंद ठेवणेच योग्य. मात्र तो निर्णय सर्वांसाठी सारखा आणि सर्वसाधारण सभेत व्हावा. नुसते कुलूप लावले, तर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

म्हणून आपण परिपत्रक काढून तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: तलावाचे पाणी, वीज, रसायने आणि पगार अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावेत, हा खर्च सदनिकाधारकांत समान वाटावा, आणि सदनिकेत राहणाऱ्याला, मग तो मालक असो वा भाडेकरू, तलाव समान अटींवर खुला असावा. हिशेब सर्वांसमोर आला, तर तलाव चालवायचा की बंद ठेवायचा हे सभासद स्वतःच ठरवू शकतील.

आपला विश्वासू,
एक नाशिककर सभासद