थोडं रान राहू द्या की!

पक्षी बघायचे म्हणजे भिगवणला जायचं, नाहीतर थेट भरतपूरला. गळ्यात दुर्बीण, हातात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा आणि अंगात मळखाऊ रंगाचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट! असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. साहजिकच हा छंद घरातल्या पुरुषांचा. आपण पहाटे उठून डबा करून द्यायचा आणि संध्याकाळी फ्लेमिंगोचे दोनशे फोटो बघून 'छान आलेत हं' म्हणायचं. मैत्रिणींनो, या समजाशी मला आज जरा भांडायचं आहे. त्याहून मोठं भांडण दुसरंच आहे, पण त्याकडे नंतर येते.

गेली दोन वर्षं आम्ही दहा-बारा जणी दर रविवारी सकाळी निगडी-प्राधिकरणात फिरायला जातो. कधी दुर्गा टेकडी, कधी गणेश तलाव, कधी नुसतंच आमच्या सेक्टरमागच्या नाल्याच्या कडेनं. दुर्बीण सगळ्यांत मिळून एक, तीही कुणाच्या तरी मुलाची. नियम दोनच. मोबाइल पर्समध्ये ठेवायचा आणि हळू बोलायचं. दुसरा नियम आमच्या हातून अजून पूर्ण पाळला गेलेला नाही, आणि तो पाळला जाईल अशी मला आशाही नाही!

या फिरण्यातून पहिली गंमत कळली ती नावांची. आपली ही कामगारांची नगरी. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली, 1972 साली कामगारांना घरं मिळावीत म्हणून प्राधिकरण झालं, 1982 साली महापालिका. पोटासाठी सगळ्या महाराष्ट्रातून माणसं इथं आली. आणि पक्षी बघावेत तर तेही सगळे कामकरीच! पानं शिवून घरटं करणारा शिंपी. लाकूड ठोकणारा सुतार. पाण्याच्या कडेला शेपटी आपटत चालणारा धोबी. घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींना पिटाळून लावणारा कोतवाल. त्याच्या धाकामुळे त्याच झाडावर दुसरे पक्षीही निर्धास्त घरटी बांधतात म्हणे. आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून 'टुक टुक टुक' असा एका लयीत हातोडा चालवणारा तांबट. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये चुकून शिरला तर सुपरवायझर त्याला पाळी लावून देईल.

सुगरणीची गोष्ट तर प्रत्येकीनं ऐकावी अशी. नाव बाईचं, पण घरटं विणतो तो नर. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळीला तो अर्धवट खोपा टांगतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत-बाहेर करून तपासते. पसंत पडला तरच मुक्काम, नाहीतर सरळ निघून जाते. हे ऐकल्यावर आमच्या एक काकू म्हणाल्या, "आमचा फ्लॅट बुक करताना कुणी मला विचारलं असतं तर!" अर्थात तिचं अंड्यांचं एकदा मार्गी लागलं, की हा पठ्ठ्या दुसरीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो, तेव्हा फार कौतुक नको. ज्यांच्या कवितेनं हा खोपा मराठी घराघरांत नेला त्या बहिणाबाईंचं नाव चिंचवडच्या प्राणिसंग्रहालयाला दिलेलं आहे. खोपा बघायचा असेल तर मात्र इंद्रायणीकडच्या एखाद्या ओढ्याची बाभूळच गाठावी लागते.

आमच्यात ओटा स्कीममधल्या बचत गटाच्या तिघी-चौघी येतात. सुरुवातीला त्या मागे मागे राहायच्या. एकदा नाल्याकाठच्या घाणेरीतून एक काळाभोर, तांबड्या-विटकरी पंखांचा मोठा पक्षी जड पावलांनी बाहेर आला. आम्ही सगळ्या 'भारद्वाज, भारद्वाज' करतोय तोच परभणीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, ह्यो तर कुंभारकावळा. पहाटं दिसला की दिवस चांगला जातो म्हनतेत आमच्याकडं." त्या दिवसापासून पुढे त्या आणि मागे आम्ही. टिटवी अंडी कुठं घालते, होला कसा घुमतो, पावशा ओरडला की पेरणीची घाई का होते, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. गेल्या तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

मारुती चितमपल्ली आयुष्यभर हेच करत राहिले. वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली आणि मराठीला हजारो शब्द दिले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. म्हणून 2020 पासून महाराष्ट्रात तो आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळतात. शाळांमध्ये चित्रकलेच्या स्पर्धा होतात. माझं आपलं म्हणणं असं, की त्या आठवड्यात मुलांना एक दिवस अशा एखाद्या मावशीच्या हवाली करावं.

आता भांडणाकडे येते.

दोन वर्षं आम्ही एका वहीत लिहून ठेवतो आहोत, कुठला पक्षी कुठं दिसला. वहीला कसली शास्त्रीय शिस्त नाही. पण परवा सहज चाळली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. उद्यानात, म्हणजे जिथं लॉन आहे, कारंजं आहे, फॉक्सटेल पामच्या रांगा आहेत, तिथं आमची यादी दर वेळी तीच. कावळा, कबूतर, साळुंकी, फार तर एखादा बुलबुल. आणि नाल्यामागच्या त्या 'घाणीत', जिथं बाभळी, घाणेरी, एरंड, रुई आणि कमरेएवढं गवत माजलंय, तिथं पानंच्या पानं भरलेली! गवताच्या बिया टिपणाऱ्या मुनिया. घाणेरीची फळं खाणारे बुलबुल. फुलांवर लोंबकळणारे शिंजीर. वाळक्या खोडात भोक पाडून बसलेला तांबट. थंडीत उत्तरेकडून आलेले धोबी. हिशेब सरळ आहे. पक्ष्याला खायला किडे आणि बिया लागतात, लपायला काटे लागतात, घरट्याला वाळकी फांदी नाहीतर दाट झुडूप लागतं. आपण 'सुशोभीकरण' म्हणतो तेव्हा नेमकं हेच सगळं उचलून ट्रॉलीत भरतो.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून अशीच अर्ध्या एकराची पट्टी आहे. ती साफ करून, पेव्हर ब्लॉक घालून, तिथं ओपन जिम आणि लॉन करावं असा ठराव आलाय. ठराव मांडणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, आणि त्यांना मी वेडं ठरवणार नाही. त्यांची कारणं खरी आहेत. डास होतात. साप निघतो. संध्याकाळी झुडपामागे बाटल्या घेऊन टोळकी बसतात, क्लासवरून येणाऱ्या मुलींना जीव मुठीत धरून यावं लागतं. निसर्गप्रेमी मंडळी, विशेषतः पुरुष, ही शेवटची गोष्ट फार पटकन विसरतात. पहाटे एकटं दाट झाडीत शिरून हळद्याची शीळ ऐकण्याची चैन ज्याला परवडते, त्यानं आम्हाला 'तुम्हाला निसर्गाची आवडच नाही' असं ऐकवू नये. आम्ही घोळक्यानं फिरतो त्यामागे मैत्री आहे तशी भीतीही आहे.

पण उपाय तपासून बघूया ना. टोळकी झुडपामुळे बसतात की अंधारामुळे? दोन गल्ल्या सोडून महापालिकेचं छान उद्यान आहे, तिथल्या बाकांवरही दिवे बंद असतात त्या रात्री हेच लोक बसतात. दिव्याचे चार खांब लावले, वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार फूट झाडोरा कापून नजर जाईल अशी मोकळीक ठेवली आणि गस्तीच्या पोलिसांना तिथून फेरी मारायला लावलं, तर उरलेलं रान कशाला हटवायचं? डास होतात ते नाल्याच्या साचलेल्या पाण्यात आणि आपल्याच टेरेसवरच्या कुंड्यांच्या ताटल्यांत. सापाचं म्हणाल तर तो उंदरामागे येतो आणि उंदीर येतो आपण कुंपणावरून टाकलेल्या उष्ट्यामागे. गोगलगायींनी कुंड्या फस्त केल्या म्हणून सोसायटीनं गेल्या पावसाळ्यात औषध आणून टाकलं. मावशींचा कुंभारकावळा त्या गोगलगायी आवडीनं खातो, उंदीर आणि सापाची पिल्लंही खातो. बिनपगारी माणूस कामावर असताना आपण त्याचीच खोली पाडायला निघालो आहोत.

चिमण्यांविषयी सगळ्या हळहळतात. 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात, ती कल्पना आपल्या नाशिकच्या संस्थेची. त्या दिवशी पुठ्ठ्याची, लाकडाची घरटी वाटली जातात. चांगलं आहे. 2020 साली देशभरातल्या पक्षिप्रेमींच्या नोंदींवरून जो अहवाल निघाला, त्यात चिमणी एकूण देशात बऱ्यापैकी टिकून असल्याचं, मोठ्या शहरांत मात्र कमी होत असल्याचं म्हटलं होतं. माझी नणंद चाकणला असते. तिथल्या पेठेत धान्याच्या दुकानांपुढे अजून चिमण्यांचा थवा उतरतो. आमच्या इमारतीत एकही नाही. घरटं आपण देऊ, पण पिल्लांच्या चोचीत घालायला ती अळ्या कुठून आणणार? लॉनवर तर औषध मारलेलं.

चाकणचा विषय निघाला म्हणून सांगते. चाकण म्हटलं की पूर्वी कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली लढवलेला संग्रामदुर्ग आठवायचा, आता कारखाने आणि ट्रकच्या रांगा आठवतात. कारखान्यांना माझा विरोध नाही. आमचं घर त्याच पगारावर उभं आहे. पण त्या बाजूला भामचंद्राच्या डोंगराखाली जी माळरानं होती, ती सरकारदप्तरी 'पडीक'. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरावर जात, ज्यांनी झाडांना आणि रानातल्या जिवांना नातेवाईक मानलं, त्यांच्या डोंगराचा पायथा पडीक कसा असेल? टिटवी, चंडोल, माळावरच जमिनीवर अंडी घालणारे हे पक्षी. त्यांना झाड लावूनही भागत नाही, त्यांना उघडं, गवताळ रानच लागतं. तरी वृक्षारोपणाची हौस असलेली मंडळी माळावरच खड्डे खणायला जातात. (फोटोही चांगला येतो.)

नदीचं तर काय बोलावं. पवनेवर दर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा, आळंदीला इंद्रायणीवर फेस. पुलावरून उतरून बघितलं तर त्या काळ्या पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे डौलात चालत असतात. इतके देखणे की आमच्यातली एक जण म्हणाली, "पाणी एवढं वाईट नसणार." तसं नसतं. सांडपाण्याच्या गाळात वळवळणारे किडे शेकाट्याला पुरतात. ज्यांना स्वच्छ पाण्यातला मासा दिसायला हवा असे पक्षी मात्र तिथून निघून जातात. म्हणून पक्षी 'किती' यापेक्षा 'कोण' हे बघायला शिकावं. आणि ज्या भिगवणचे फोटो आपण कौतुकानं बघतो, ते उजनीचं पाणी आपल्याकडूनच जातं. पवना दापोडीला मुळेत, मुळा-मुठा पुढे भीमेत, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, आणि भीमा उजनीत. फ्लेमिंगोच्या ताटात काय वाढायचं ते आपल्या बाथरूमपासून ठरतं.

2025 साली मुळेच्या काठी, पिंपळे निलखच्या बाजूला, नदीसुधारासाठी काठावरची झाडी जाणार म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. काठ म्हणजे दगडी घाट आणि जॉगिंग ट्रॅक एवढंच ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं, त्यांना हा विरोध विकासाच्या आड येणारा वाटतो. मला तो घर राखणाऱ्या बाईसारखा वाटला. घर आवरणं आणि घर रिकामं करणं यातला फरक आपल्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?

आमच्या पट्टीसाठी आम्ही अकरा जणींनी सह्या करून दुसरा ठराव दिलाय. चार दिवे, एक रुंद पाऊलवाट, नाल्याच्या गाळाची वर्षातून एकदा सफाई, कुंपणावरून कचरा टाकणाऱ्याला दंड, पावसाळ्याआधीच्या छाटणीत वाळक्या खोडाला हात लावायचा नाही, आणि बाकी रानाला नावही ठेवायचं नाही. ओपन जिम पार्किंगच्या कोपऱ्यात करा, आम्हीही येऊ व्यायामाला. परभणीच्या मावशींना सोसायटीच्या सभेत मत नाही, पण त्या बोलायला येणार आहेत. सेक्रेटरींनी 'बाहेरच्या व्यक्तीला पाच मिनिटं' मंजूर केली आहेत.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. फेरी आम्ही त्या दिवशी साडेआठलाच आटोपती घेणार आहोत.