युरिया वाढला, पिकाची भूक तेवढीच. मग नत्र जातं कुठं?

वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावं आहेत. एक तेल्हारा तालुक्यात, दुसरं मोर्शी तालुक्यात. एकीकडे पऱ्हाटी, दुसरीकडे संत्रा. युरियाची बॅग मात्र दोन्हीकडे लागतेच.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलातील नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा यांची नावे आहेत. उकिरडे, शोषखड्डे यांचाही त्यात वाटा असतो. पण खताचा हिशेब आपल्या हातात आहे.

कास्तकार बंधूंनो, युरिया जसाच्या तसा पिकाच्या तोंडी जात नाही. जमिनीत आधी त्याचा अमोनिया होतो. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टरसारखे त्याचं नायट्रेट. पीक मुख्यतः हे नायट्रेट उचलतं. हे जीवाणू म्हणजे आपले बिनपगारी सालदारच! युरिया वाढवला की त्यांची संख्या वाढते, कामही वाढतं. पिकाची भूक मात्र तेवढीच राहते. उरलेलं नायट्रेट माती धरून ठेवत नाही. ते पाण्यासोबत खाली उतरतं आणि विहिरीत जातं. शेतात पाणी साचलं तर दुसरे जीवाणू त्याचा वायू करून उडवतात. नुकसान दोन्हीकडून आपलंच.

मग हात सैल का सुटतो? २०१० मध्ये डीएपी व पोटॅशला पोषक तत्त्वावर आधारित अनुदान लागू झालं, युरिया त्याबाहेर राहिला. त्याची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांची. स्वस्त म्हणून जास्त पडतो. २०१५ मध्ये निमतेलाचा लेप सक्तीचा झाला. हा लेप जीवाणूंचा वेग काही दिवस कमी करतो, पण सगळ्या बॅगा एकदमच फेकल्या तर लेप तरी किती पुरणार?

तेव्हा मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. एका बॅगेत सुमारे २१ किलो नत्र धरा. वापशावर, हप्त्याहप्त्यानं द्या आणि डवरणीनं मातीआड करा. मोठ्या पावसाची चिन्हं असली तर थांबा. सोयाबीनला वरून युरिया नको. मुळांवरच्या गाठी मंदावतात.

ग्रामपंचायतींनी पिण्याच्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी अवश्य तपासून घ्यावं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोक्याचं. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

शेतातला जास्तीचा युरिया शेवटी आपल्याच घागरीत येतो, एवढं ध्यानात ठेवा.