पोट्टीला आठवणार नाही. बरं मग?

“एवढ्याशा लेकराले जहाजावर कायले नेता? तिले काय आठवते?”

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला दारव्ह्यात विचारला गेला, आर्णीत विचारला गेला, फॅमिली ग्रुपवर तर तीन वेगवेगळ्या काकांनी विचारला. पुण्यातल्या ऑफिसात त्याचीच जरा इस्त्री केलेली आवृत्ती मिळाली : “अगं, ती चार-पाच वर्षांची झाल्यावर जायचं ना, तिला एन्जॉय तरी करता आलं असतं.” गुन्हा एवढाच, की मी आणि नवरा आमच्या वीस महिन्यांच्या मुलीला घेऊन मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजावर दोन रात्री राहून आलो.

क्रूझ म्हटलं की आमच्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक टायटॅनिक आणि दुसरी २०२१च्या ऑक्टोबरात मुंबईच्या जहाजावर पडलेला अमली पदार्थांचा छापा. त्यामुळे बोलण्याची पहिली दहा मिनिटं ‘बुडलं असतं तर’ आणि ‘तिथं तसलेच लोक असतात म्हणे’ यात जातात. ते मी समजू शकते. ज्या गावाहून मुंबईची गाडी पकडायलाही आधी धामणगाव गाठावं लागतं, तिथे जहाजाची धास्ती असणारच. मला राग येतो तो ‘काय आठवते’चा. कारण हा प्रश्न काळजीचे कपडे घालून येतो, पण तो काळजीचा नसतो.

आधी आठवणीचंच बघू. मोठ्या माणसांना स्वतःची सगळ्यात जुनी आठवण विचारली, तर ती बहुतेकांची तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं सगळं पुसट किंवा कोरं. फ्रॉइडपासून मानसशास्त्रज्ञ या विस्मरणावर लिहीत आलेत, तेव्हा काकांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ‘मोठेपणी आठवणार नाही’ आणि ‘आत्ता काहीच कळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तान्ह्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. पाळण्यावर टांगलेलं खेळणं रिबिनीनं बाळाच्या पायाला बांधायचं. पाय झाडला की खेळणं हलतं. तीन महिन्यांच्या बाळांना ही गंमत जवळजवळ आठवडाभर लक्षात राहिली, सहा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे. वीस महिन्यांचं लेकरू त्यामानानं केवढं मोठं! आमची पोट्टी परत आल्यावर कितीतरी दिवस बादलीतलं पाणी हलवून “मोटं पानी” म्हणत होती. ती हे विसरेल. विसरू दे. प्रोग्राम बंद झाला की रॅम रिकामी होते, म्हणून तो चाललाच नव्हता असं आम्ही ऑफिसात कधी म्हणत नाही.

आता गंमत बघा. हीच पोट्टी अकरा महिन्यांची असताना आम्ही तिचं जावळ काढायला माहूरला गेलो होतो. उन्हाचा कडाका, गडावर गर्दी, वस्तरा पाहून तिनं फोडलेला टाहो, परतीच्या गाडीत दोन उलट्या. घरातली चौदा माणसं बरोबर होती. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की तिला काय आठवणार आहे. त्यानंतर एप्रिलमध्ये चुलत दिराचं लग्न झालं. पारा चव्वेचाळीसवर, मुलीच्या अंगात टोचणारा जरीचा फ्रॉक, आणि वरातीत छाती हादरवणारा डीजे. तिथेही “घेऊन ये, घेऊन ये, लेकराले पाह्यचं आहे सगळ्यायले” असाच आग्रह होता. मी मुलीच्या कानांवर हात धरून उभी होते, तर एक मामी म्हणाल्या, “सवय होते.”

म्हणजे लेकराला आठवण नसण्याची अडचण देवाला नाही, लग्नाला नाही. आणि कामाला तर अजिबातच नाही. आमच्या जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्याही रस्त्यानं जा, धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी दिसेल. त्यात वर्षा-दीड वर्षाचं मूल असतं, आणि मजुरी किलोवर मिळते म्हणून आई ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, बांधकामावर बाहेर पडतात. लेकरं बरोबरच असतात, पाचटात वाढतात. सरकारलाही हे ठाऊक आहे. २००५च्या रोजगार हमी कायद्यातच तरतूद केली गेली, की कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आयांबरोबर आली, तर ती सांभाळायला त्यांच्यातल्याच एका बाईला नेमायचं. खडी फोडायच्या जागी दीड वर्षाचं मूल येणार, हे या देशानं कायद्यात गृहीत धरलंय.

तेव्हा लहान मुलाला घेऊन कुठे जावं यावर आमच्या समाजाचं मत मुलाच्या वयावरून ठरत नाही. ते आईच्या कारणावरून ठरतं. तान्ह्या मुलाच्या आईनं बाहेर पडायची मान्य कारणं चार : माहेर, कुलदैवत, लग्न आणि दवाखाना. मजुरी हे पाचवं, ते न विचारता मान्य. यातल्या एकाही ठिकाणी ती बसून नसते. माहेरीसुद्धा दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला घेतेच. सहावं कारण, म्हणजे ‘मला दोन दिवस बसायचंय, कोणीतरी केलेला चहा प्यायचाय, आणि मूल माझ्याजवळच हवंय’, हे आलं की एकदम सगळ्यांना बालमानसशास्त्र आठवतं.

नवऱ्याला यातलं काहीही ऐकावं लागलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. जहाजावर तो मुलीला खांद्यावर घेऊन फिरला तर तीन अनोळखी बायकांनी त्याचं कौतुक केलं. मी फिरवलं तेव्हा एकीनं विचारलं, टोपी का नाही घातली.

आणि जहाजावर लेकरू नेणं ही काही आयटीवाल्यांनी काढलेली नवी फॅशन नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि पणजीला प्रवासी बोटी जात होत्या. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ ही नावं तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ असतात. मे महिन्यात चाकरमानी मंडळी ट्रंका, फणस, तान्ही मुलं असं सगळं घेऊन डेकवर सतरंज्या अंथरून रात्र काढत. बोट लागायची, पोरं ओकायची, बंदरावर होडग्यात उतरताना मूल एका हातातून दुसऱ्या हातात फेकल्यासारखं दिलं जायचं. आज त्या प्रवासावर हळवे होऊन लेख लिहिले जातात. तेव्हाच्या आयांना ‘मुलाला काय आठवणार’ असं कोणी अडवलं नाही, कारण त्या गावी जात होत्या. आता त्याच किनाऱ्यानं, त्याच समुद्रावरून, खाट असलेल्या खोलीत झोपून गेलं की ते चोचले.

मला काकांइतकाच राग दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही येतो. त्यांना तुम्ही रोज स्क्रोल करता. जुळ्या रंगाचे कपडे, सूर्यास्त, मंद गाणं, आणि खाली ‘मेकिंग कोअर मेमरीज’. वरवर हे लोक काकांच्या विरुद्ध पार्टीचे, पण आतून हिशोब तोच. काका म्हणतात आठवण राहणार नाही, म्हणून पैसे वाया. रीलवाले म्हणतात आठवण बनवतोय, म्हणून पैसे वसूल. दोघांच्याही मते लहान मुलाचा दिवस ही एक गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा पुढे कधीतरी मिळायला हवा. एका मंगळवारी सकाळी एक मूल पाण्याकडे बोट दाखवून अर्धा तास हसलं, हे अख्खं कारण म्हणून कोणालाच पुरत नाही.

आता जो आक्षेप सगळ्यात टोचला, तो. शाळेतल्या एका मैत्रिणीनं लिहिलं, “आपल्या जिल्ह्यात शेतकरी मरतात आणि तू क्रूझचे फोटो टाकतेस.” यावर मी दोन दिवस विचार करत होते, कारण हा काकांसारखा पोकळ प्रश्न नव्हता. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. २०१७मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा कॉलेजात. पुण्यात पहिल्या नोकरीला लागले आणि गावाचं नाव सांगितलं, की समोरच्याचा चेहरा पडायचा, जणू मी आत्ताच कोणाच्या तेराव्याहून आलेय. यवतमाळ म्हणजे फक्त मरण, हे बाहेरच्यांनी ठरवलंय. आणि हळूहळू आम्हीही ते मान्य करून टाकलंय, की इथल्या माणसानं आनंद केला तर तो दडवून करावा. कापसाच्या भावाचा, सिंचनाचा, कर्जाचा हिशोब ज्यांच्याकडे मागायचा त्यांच्याकडे जोरात मागितला पाहिजे. तो एका वीस महिन्यांच्या मुलीच्या दोन रात्रींकडून मागण्यात काय अर्थ आहे? लग्नात डीजेवर उडालेल्या पैशाला ही मैत्रीण कधी जिल्हा आठवून देत नाही, हेही मी तिला लिहिलं. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.

बरं, मग काही विचारायचंच नाही का? विचारा ना. विचारण्यासारखं भरपूर आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक क्रूझ कंपन्या घेतच नाहीत, आणि सलग खूप दिवस समुद्रात राहणाऱ्या प्रवासाला अनेक कंपन्या वर्षाची अट घालतात. कारण उघड आहे : दवाखाना लांब असतो. जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ मिळेलच असं नाही. (हा मुद्दा ज्या आत्यानं काढला, त्यांच्या गावातही बालरोगतज्ज्ञ नाही. पण मुद्दा खरा आहे.) नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबाचा विषाणू जहाजांवर भराभर पसरतो आणि तो सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात. डायपरातल्या मुलांना सहसा जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. अमेरिकन बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तर तिथल्या आरोग्य यंत्रणेचा तसा नियमच आहे. मुलांसाठीचे क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपुढच्यांना घेतात, म्हणजे जाहिरातीत दिसणारे निवांत आईबाप दोन वर्षांच्या मुलाचे नसतात. बाल्कनीची खोली घेतली तर दार कायम कडीबंद, आणि कठड्याजवळ खुर्ची अजिबात ठेवायची नाही. उलटीची भीती मात्र उगाच घालतात. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी किंवा बोट क्वचितच लागते, तो त्रास नंतर वाढतो. लागली ती मला. पहिली रात्र मी लिंबू हुंगत काढली.

जहाजं इंधन किती जाळतात, हेही विचारा. मला त्याचं समाधानकारक उत्तर देता येणार नाही. आणि सगळ्यात अवघड प्रश्न तर कोणीच विचारला नाही : तुझी खोली कोण झाडत होतं? आमची खोली आवरणाऱ्या मुलानं पोट्टीला टॉवेलचा हत्ती करून दिला आणि मोबाइलवर स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवला, तोही साधारण एवढाच. या कामाचे करार सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचे असतात. माझ्या दोन दिवसांच्या बसण्याखाली त्याचं घरापासून लांब राहणं आहे, हे मला दिसलं. हा प्रश्न काकांनी विचारला असता तर मी गप्प बसले असते. पण ‘काय आठवते’ विचारणाऱ्याला त्या मुलाचंही काही पडलेलं नसतं.

आईनं मला शेताच्या धुऱ्यावर, कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत वाढवलंय. मला त्यातलं काहीही आठवत नाही. तिला सगळं आठवतं, मुंगळा चावला तो दिवससुद्धा. पन्नाशी उलटली तरी तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिला जहाजावर न्यायचं ठरवलंय. सांगितलं तेव्हा आधी म्हणाली, “मी काय करू तिथं? पोट्टीले सांभाळाले नेतं काय मले?” नाही म्हटलं, सांभाळायला आम्ही आहोत. मग बराच वेळ काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर विचारलं, तिथं सकाळी चहा किती वाजता भेटते.