टीव्हीवरची चर्चा आणि आपला ऊस



आपल्या पत्रकात मी एरवी लागण, खोडवा आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तो उसाच्या फडापर्यंत येतो, म्हणून संपादकांनी जागा दिली.

७ डिसेंबर २०२३ ची गोष्ट. त्या दिवशी केंद्र सरकारने आदेश काढला की उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायचे नाही. मी त्या सुमारास एका गावी खोडव्यातील पाचट कुजविण्याच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. काम आटोपता आटोपता अंधार पडला. वस्तीवरच्या एका सभासदांनी चहाला बोलावले. घरात टीव्ही सुरू होता आणि पडद्यावर चार चौकोनात चार माणसे बसली होती. एक सत्ताधारी पक्षाचे, एक विरोधी पक्षाचे, एक राजकीय विश्लेषक आणि कोपऱ्यात एक शेतकरी संघटनेचे. विषय इथेनॉलचा होता, पण पाच मिनिटांत गाडी कोणी कोणाचा पक्ष फोडला यावर गेली. संघटनेच्या गृहस्थांनी तोंड उघडले की निवेदक म्हणे, "थोडक्यात, थोडक्यात!" आणि लगेच जाहिरात.

शेवटी एकाने ठोकून दिले, "आता कारखाने उसाचे पैसे देऊच शकणार नाहीत." बाकीचे तिघे एरवी कशावर एक होत नव्हते, पण यावर कोणी हरकत घेतली नाही. घरातली मंडळी माझ्याकडे बघू लागली. मी काय केले? मान हलवली. पडद्यावरचा माणूस कोटबिट घालून एवढ्या ठामपणे बोलतोय, त्याला काही माहिती असेल, असे मलाही क्षणभर वाटले. इतकी वर्षे शेतकी खात्यात काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण झाले ते असे.

त्या सभासदांनी तीनच दिवसांत आपला नोंदीचा पूर्वहंगामी ऊस गुऱ्हाळाला रोख बावीसशेने दिला. वजन कोणत्या काट्यावर झाले, ते त्यांनाही धड सांगता आले नाही. १५ डिसेंबरला सरकारने आदेश सैल केला आणि १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस व बी-हेवी मळी वापरायला परवानगी दिली. ती बातमी पडद्याच्या तळाला पट्टीवर सरकून गेली. त्यावर चार चौकोन कोणी मांडले नाहीत. त्या हंगामात आपल्या कारखान्याचा निव्वळ दर बावीसशेच्या किती वर गेला, ते आपणास ठाऊकच आहे.

मी टीव्हीच्या विरोधात नाही. आमच्या लहानपणी वाडीत एकच टीव्ही, तोही कृष्णधवल, आणि त्यावर दूरदर्शनचा 'आमची माती आमची माणसं' लागे. कार्यक्रम कंटाळवाणा असे, हे कबूल. पण घडीपत्रिका वाचल्यासारखे बोलणारे ते शास्त्रज्ञ औषधाचे प्रमाण सांगत आणि वडील ते बिडीच्या पाकिटावर लिहून घेत. आजच्या चर्चेतून लिहून घ्यावे असे काय मिळते, हे प्रत्येकाने आपल्या घरी तपासून पाहावे. पाडेगावच्या ऊस संशोधकाला त्या चौकोनात बसवलेले मी तरी अजून पाहिले नाही.

एफआरपीचेच घ्या. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ आहे, तर ३,८९६ झाले. यातून तोडणी-वाहतूक जाते. ती ९०० धरली तर हातात २,९९६. आता टीव्हीवर एक म्हणतो, "कारखाना एफआरपी देतो." दुसरा म्हणतो, "शेतकऱ्याला तीन हजारही मिळत नाहीत." दोघेही खरे बोलतात आणि अर्धा तास भांडतात. भांडण ज्या ९०० रुपयांवर व्हायला हवे, त्यांचे नावच कोणी काढत नाही. टोळी किती लांब पाठवली, वाहने फडात किती तास खोळंबली, काट्यावर रांग का लागली, यावर तो आकडा हलतो. त्यातला काही भाग माझ्याच खात्याच्या पदरात पडतो, हेही मी लिहून टाकतो. सचिवसाहेब काय म्हणायचे ते म्हणोत.

तसाच दुसरा प्रश्न. बी-हेवीकडे साखर वळवली की कारखान्याचा उतारा कागदावर घटतो. एफआरपी काढताना ती घट परत मिळवून धरायची असते. धरली का, किती धरली, हे विचारण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, हाही हक्कच.

पण गेल्या वार्षिक सभेत काय झाले? एका तरुण सभासदाने माईक धरला आणि दहा मिनिटे दिल्लीच्या राजकारणावर बोलला. हातवारे सुद्धा टीव्हीतले. मागून दुसऱ्या पक्षाचे दोघे उठले. मग गोंधळ, मग शिट्ट्या आणि त्या गोंधळात सगळे विषय "मंजूर, मंजूर" म्हणून वीस मिनिटांत संपले. अहवालात तोडणी-वाहतुकीचा तक्ता होता. मंडपातून परतताना खुर्च्यांवर पडलेले अहवाल आमच्या चिटबॉयांनी गोळा केले, त्यांतले बरेच उघडलेलेही नव्हते. असल्या सभेचा त्रास व्यवस्थापनाला होत नाही, उलट सोयच होते. मी नोकर माणूस, याहून जास्त काय लिहू?

तर या हंगामापासून प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर दर शनिवारी आपल्या गटाचा त्या आठवड्याचा उतारा, आलेला ऊस आणि वाहनांचा सरासरी खोळंबा आम्ही लिहिणार आहोत. फळा कोरा दिसला तर मला फोन करावा.

बावीसशेने ऊस दिलेल्या त्या सभासदांनी पुन्हा आपल्याकडे नोंद केली आहे. परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागे टीव्हीचा आरडाओरडा ऐकू येत होता. म्हणाले, "साहेब, हा आत्ता म्हणतोय ते खरं आहे का?" मी विचारले, काय म्हणतोय. ते म्हणाले, "तेच तर कळंना, चौघं एकदम बोलत्यात." मी म्हणालो, बंद करा तो. अहवाल घरात असेल तर काढून ठेवा, सकाळी तुमच्या फडावर येतो.