प्रवेशानंतरची पहिली परीक्षा

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली अवघ्या ७ टक्के होत्या. २००० मध्ये त्या ४२ टक्के झाल्या. हे कसे साधले? जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी दीर्घ मुलाखतींतून बोलून कारणे शोधली. मुलींत बुद्धीची नव्हे, आधीच्या सरावाची उणीव होती. लहानपणापासून संगणकाशी खेळलेली मुले वर्गाचा वेग ठरवत. बाकीच्यांना आपणच कच्चे आहोत असे वाटे. विद्यापीठाने प्रवेशात प्रोग्रामिंगच्या पूर्वानुभवाचे महत्त्व कमी केले आणि पहिल्या वर्षी पूर्वतयारीनुसार वेगवेगळे वर्ग सुरू केले. पदवी मात्र सर्वांना एकच.

आपल्याकडे आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. त्यामुळे दार उघडले. पण घरी संगणक नसलेला, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयात पहिल्याच सत्रात धास्तावला, तर नुसती जागा त्याला तारू शकत नाही. सरावातली दरी काही महिन्यांत भरून काढता येते. तिच्यावर कुवतीचा शिक्का बसला, की ती कायमची होते.