राणीची उडी आणि राणीची पत्रं

झाशीच्या किल्ल्यात ‘कूदान स्थल’ दाखवतात. दत्तक मुलाला पाठीशी बांधून राणी लक्ष्मीबाईंनी इथूनच घोड्यासकट उडी घेतली, असं वाटाडे सांगतात. पर्यटक तटावरून खाली डोकावतात. एवढ्या उंचीवरून घोडा वाचला कसा, हे मनात येतं. विचारायचं धाडस फार थोडे करतात. इतिहासकार वेगळी हकीकत सांगतात: ४ एप्रिल १८५८च्या रात्री राणी मोजक्या स्वारांनिशी शहराच्या भांडेरी दरवाजातून निसटली आणि काल्पी गाठली. इंग्रजांचा वेढा फोडून जाणं हे काय कमी होतं?

उडीचं कोडं सोपं आहे. झाशीतल्या जोखनबागेचं नाही.

८ जून १८५७ला तिथं शरण आलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांची, मुलाबाळांची कत्तल झाली. १२ आणि १४ जूनला राणीने सागर-नर्मदा प्रांताचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रं धाडली: हे कृत्य बंडवाल्या शिपायांचं, आपल्यालाही धमकावून त्यांनी पैसा उकळला. २ जुलैच्या उत्तरात अर्स्किन यांनी झाशीचा कारभार तूर्त तिच्याकडेच सोपवला. पुढे मात्र इंग्रजांनी तिलाच दोषी धरलं.

द. ब. पारसनीसांच्या १८९४च्या चरित्रात राणी या प्रकरणात निर्दोष आहे. सावरकरांनी १९०९मध्ये सत्तावनला स्वातंत्र्यसमर म्हटलं, राणी त्याची नायिका झाली आणि तीच पत्रं अडचणीची वाटू लागली. १९५७मध्ये रमेशचंद्र मजुमदार आणि सुरेंद्रनाथ सेन या दोघांनी कागद पुन्हा तपासले. राणी सुरुवातीला बंडात नव्हती, परिस्थितीने तिला त्यात ढकललं, असा त्यांचा निष्कर्ष.

पत्रं वाचताना साधे प्रश्न विचारावे लागतात. कुणाला लिहिली? ज्यांच्या हाती फाशीचा दोर होता त्यांना. कधी? पहिलं तर कत्तलीनंतर चारच दिवसांनी. दोषी असती तरी राणीने हेच लिहिलं असतं, म्हणून केवळ पत्रांवरून ती निर्दोष ठरत नाही. पण म्हणून ती दोषीही ठरत नाही. तिच्या हुकुमाचा भक्कम पुरावा आरोप करणाऱ्यांनाही देता आलेला नाही.

घोटाळा होतो तो दोन तारखा एकत्र केल्याने. मार्च १८५८मध्ये ती तटावरून लढली, म्हणजे जून १८५७मध्येही बंडात असणारच, असं अभिमानी म्हणतात. इंग्रजांचा तर्कही नेमका हाच होता. मधल्या नऊ महिन्यांचा हिशेब दोघांनाही नको असतो. त्या काळात शेजारच्या ओरछा संस्थानाची फौज झाशीवर चालून आली, राणीने ती परतवली; इंग्रजांची मदत काही आली नाही.

ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडली, तेव्हा अर्स्किन यांच्या त्या उत्तराला वर्षही झालं नव्हतं.