जुन्या गिटारीचे मोल

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एखाद्या मराठी घरातला मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास रवाना झाला, म्हणजे मागे राहिलेल्या त्याच्या इलेक्ट्रिक गिटारीच्या विक्रीची तजवीज वडिलांकडे येते. आणि ते, खरेदीची पावती प्रमाण मानून, मूळ रकमेतून वर्षागणिक वजावट करीत किंमत ठरवतात. ही रीत कचेरीतील टेबलखुर्च्यांना शोभते, वाद्याला नव्हे. प्रथम पाहावी ती मान, कारण इथला रखरखीत वैशाख आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा यांत लाकूड आकुंचते, फुगते, वाकते. आतली पोलादी सळई फिरवून मान सरळ होत असेल तरच मोल टिकते. मग फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, झीज.

सर्वांत घातक सवय मात्र विक्रीपूर्वी नवा रंग चढवण्याची (घराला रंग देणारी माणसे आपण!). जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने गिटारी बनवणारी फेंडर कंपनी विकत घेतली. त्यापूर्वीच्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला संग्राहक जो दाम मोजतात, तो मूळ रंग गेल्यास सुमारे निम्म्यावर येतो. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मूर यांची वारंवार फेरफार झालेली काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली खरी. पण तेथे बोली लागली ती वादकाच्या कीर्तीवर. आपण मात्र मूळचे काढून ठेवलेले पिकअप (तारांचे कंपन टिपणारे भाग) गिटारीसोबत द्यावेत, आणि पावती द्यावी ती केवळ मालकीचा दाखला म्हणून.